चिमुकली अव्यये आणि औरंगाबादचा कोश

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरोघरचे वार्षिक उत्खननच होय. आमच्या गुलमंडीजवळच्या जुन्या घरात दरवर्षी वसुबारसेच्या आगेमागे माळ्यावरून मोडका पाळणा, कल्हई उडालेली पातेली आणि गतवर्षीचा आकाशकंदील यांच्याबरोबर एक जाडजूड ग्रंथही खाली उतरतो. पुठ्ठा निखळलेला, पानांच्या कडा तपकिरी झालेल्या. त्याच्यावरची धूळ झटकली जाते, आणि भाऊबीज झाली की तो मुकाट्याने पुन्हा माळ्यावर जातो. हा ग्रंथ म्हणजे इंग्रजी-उर्दू कोश. छापल्याचे ठिकाण औरंगाबाद, दक्खन, साल १९३७.

यंदा मात्र तो लवकर वर गेला नाही. त्याला कारण आमची नात. सुट्टीनंतरच्या परीक्षेसाठी ती इंग्रजी क्रियापदांची एक लांबलचक यादी घोकत बसली होती. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, गिव्ह इन म्हणजे शरण जाणे, गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे, गिव्ह आउट म्हणजे वाटणे किंवा थकून बंद पडणे! "आजोबा, देणे एवढाच अर्थ असलेल्या साध्या शब्दाने इतकी रूपे का घ्यावीत?" असे तिने चिडून विचारले. मी उत्तरादाखल तो कोश तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या पणजोबांची एक गोष्ट सांगितली.

आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, निजामी अमदानीत याच शहरात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा चाले. एकदा वर्गात मास्तरांनी फळ्यावर वाक्य लिहिले : 'ही पुट अप विथ हिज अंकल फॉर अ मंथ.' भाऊंनी शब्दाला शब्द ठेवून अर्थ लावला. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सह. सबब, 'त्याने काकासह एक महिना वर ठेवला.' वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "नाही बेटा, त्याने काकांना महिनाभर सहन केले." मागच्या बाकावरच्या एका चौकस मुलाने विचारले, "साहेब, तो काकांकडे महिनाभर उतरला, असाही अर्थ होईल ना?" मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "होईल. आणि महिनाभर उतरला म्हणजे सहन करणे आलेच. फक्त कोणी कोणाला सहन केले, ते काकांनाच विचारावे लागेल."

गोष्ट हसण्यासारखी आहे, पण तिच्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. इंग्रजी भाषेत जड, लॅटिनोद्भव शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांची आपल्याला उगाच धास्ती वाटते. खरे पाहता ते शब्द गरीब असतात. एकदा कोशात पाहिले की कायमचे आपले होतात. परक्या माणसाला दगा देतात ते पुट, गेट, टेक, कम, गो असले बाळबोध शब्द आणि त्यांच्या शेपटीला लागलेली अप, डाउन, इन, आउट, ऑफ, ऑन ही चिमुकली अव्यये. घर 'बर्न अप' झाले तरी जळते आणि 'बर्न डाउन' झाले तरी जळतेच. वर आणि खाली हे एकमेकांचे वैरी इथे एकाच चितेवर बसतात!

ही अडचण इंग्रजांना ठाऊक नव्हती असे नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केले की क्रियापदापुढे एखादे अव्यय ठेवून अर्थ पालटण्याची ही रीत आपल्या भाषेत फार आहे, आणि परकीयांना सर्वात जास्त त्रास होतो तो हिचाच. त्याने अशी जोडपी कष्टाने गोळा केली. मात्र या जोडप्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे सर्वतोमुखी झालेले नाव पुस्तकात आले ते पुढे १९२५ साली. लोगन पिअरसॉल स्मिथ याने ते वापरले, आणि ते सुचविल्याचे श्रेय त्याने ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे मूल शतकानुशतके घरात नांदत होते, आणि बारसे मात्र विसाव्या शतकात झाले.

यात आणखी एक बारकावा आहे. तेच अव्यय कधी क्रियापदाला चिकटते, तर कधी पुढच्या नामाला. 'लुक ओव्हर द वॉल' म्हणजे भिंतीवरून पलीकडे पाहणे. इथे 'ओव्हर'चे नाते भिंतीशी आहे. 'लुक ओव्हर द पेपर' म्हणजे कागद नजरेखालून घालणे. इथे 'ओव्हर'चे लग्न पाहण्याशी लागलेले आहे. दोहोंत फरक कसा ओळखावा? नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहावे. कागदाच्या बाबतीत 'लुक इट ओव्हर' असे म्हणतात, म्हणजे सर्वनाम मध्ये शिरते. भिंतीच्या बाबतीत 'लुक ओव्हर इट' असेच म्हणावे लागते. इंग्रज मुलाला हे कोणी शिकवीत नाही, त्याच्या कानाला ते कळते. ज्याला तो कान नाही, त्याने काय करावे?

हाच प्रश्न एकेकाळी आमच्या या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोठ्या गंभीरपणे हाताळला गेला होता. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतून न देता उर्दूतून द्यायचे, असा त्याचा पण होता. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा होता. तेव्हा इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणावयाचे आणि इंग्रजी भाषाही शिकवावयाची, अशी दुहेरी गरज उभी राहिली. ग्रंथांच्या भाषांतरासाठी १९१७ सालीच हैदराबादेत एक खाते निघाले होते. त्याचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक.

हे अब्दुल हक मूळचे मेरठकडचे. जन्म १८७० चा. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत आले, शिक्षणखात्यात निरीक्षक झाले, आणि औरंगाबादेत असे रमले की त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे इथेच गेली. १९१२ साली त्यांच्याकडे 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे चिटणीसपद आले, आणि संस्थेचे बिऱ्हाड त्यांच्यामागोमाग या गावात आले. १९२१ साली इथून 'उर्दू' नावाचे त्रैमासिक निघू लागले. १९२३ साली इथे इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. तेच आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. त्याचे प्राचार्यपदही अब्दुल हकांनी सांभाळले. दिल्ली-लखनौपासून शेकडो कोस दूर, खाम नदीच्या काठच्या या गावात उर्दूचा एक कारखानाच उभा राहिला म्हणा ना! १९३८ साली संस्था दिल्लीला हलली. तत्पूर्वी एकच वर्ष, १९३७ साली, इथल्या छापखान्यातून हा इंग्रजी-उर्दू कोश बाहेर पडला होता.

कोशकाराचा खरा कस कुठे लागतो? 'हत्ती' किंवा 'पाणी' यांना प्रतिशब्द देताना नव्हे. तो लागतो 'पुट'सारख्या शब्दापाशी. अशा शब्दाखाली जोडपी एकामागून एक हजेरी लावतात, आणि प्रत्येकीला स्वतंत्र प्रतिशब्द हवा असतो. 'वर' आणि 'ठेवणे' यांची बेरीज करून तो निघत नाही. 'गिव्ह अप'साठी उर्दूत सहज येते 'छोड देना'. 'ईट अप'साठी 'खा जाना'. 'सिट अप'साठी 'उठ बैठना'. आता जरा थांबून पाहा. इंग्रजीने क्रियापदाला अव्यय जोडले होते. उर्दूने क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडले. 'छोड देना' यात देण्याघेण्याचा काही संबंध नाही. 'देना' हे तिथे आपला मूळ अर्थ उंबऱ्याबाहेर ठेवून आलेले आहे, जसे 'गिव्ह अप'मधले 'अप' आपला 'वर' हा अर्थ ठेवून आले होते.

आणि मराठी? मराठीने तर या बाबतीत कमालच केली आहे. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'रन अवे' म्हणजे पळून जाणे, 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे. उर्दू नुसत्या धातूपुढे दुसरे क्रियापद ठेवते, मराठी धातूला 'ऊन' लावून मग ठेवते, एवढाच काय तो फरक. आमच्या व्याकरणकारांचे याकडे लक्ष गेलेच होते. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात संयुक्त क्रियापदांची सांगोपांग चर्चा केली आहे.

घरातलेच उदाहरण घ्या. पत्र लिहिणे ही साधी क्रिया. पण त्याने पत्र 'लिहून टाकले' म्हटले की कटकट संपवली असे होते. 'लिहून ठेवले' म्हणजे पुढे लागेल म्हणून तयारी केली. 'लिहून दिले' म्हणजे दुसऱ्यासाठी केले, आणि प्रसंगी स्वतःला बांधूनही घेतले. 'लिहून घेतले' म्हणजे आपल्या उपयोगासाठी, कधी दुसऱ्याकडून. 'लिहून काढले' म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत नेटाने पूर्ण केले. आणि 'लिहून बसला' म्हटले की, अरेरे, आता पस्तावतो आहे! एकाच लिहिण्याला हे सहा रंग. परक्या माणसाने मराठी शिकताना 'टाकणे', 'बसणे' हे शब्द कोशात एकेकटे पाहिले, तर त्याचीही गत भाऊंच्या काकासारखी झाल्याशिवाय राहणार नाही.

तरीही दोहोंत एक भेद आहे. इंग्रजीची अव्यये मूळची दिशादर्शक. वर, खाली, आत, बाहेर अशा अवकाशातल्या रेघा ओढून ती क्रिया पुरी झाली की मोडली ते सांगतात. आपले दुसरे क्रियापद करणाऱ्याचे मन सांगते. केले ते कोणासाठी, सुटकेच्या भावनेने की पश्चात्तापाने, हे त्यातून कळते. इंग्रजीत हा सूर पुष्कळदा आवाजातून काढावा लागतो. आपल्याकडे तो व्याकरणातच विणलेला आहे.

दिशादर्शक अव्यये आपल्याला अगदीच अनोळखी आहेत असेही समजू नये. आपले पूर्वज तेच करीत होते. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सगळे एकमेकांचे तोंडही न पाहणारे शब्द झाले. आज हे उपसर्ग धातूला पुढून घट्ट चिकटलेले दिसतात. पण वेदांच्या भाषेत ते मोकळे होते. क्रियापदापासून दूर, मध्ये इतर शब्द सोडून, कधी क्रियापदाच्या नंतरही येत. पाणिनीने ही वैदिक मोकळीक मुद्दाम सूत्रांत नोंदवून ठेवली आहे. 'लुक इट ओव्हर' मध्ये सर्वनामाला वाट देऊन बाजूला सरकणारे इंग्रजी अव्यय पाहिले की मला या जुन्या आप्तांची आठवण होते. अखेर इंग्रजी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा. एका शाखेत अव्यय मागे राहिले, दुसरीत पुढे जाऊन चिकटले. मराठीपर्यंत येता येता त्या जुन्या उपसर्गांतली नवे शब्द घडविण्याची उसळी ओसरली, आणि त्यांचे काम दुसऱ्या क्रियापदाने उचलले.

हे दुसरे क्रियापद पुन्हा एकट्या मराठीची किंवा उर्दूची मिरास नव्हे. तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबी, कुठेही जा, ते भेटतेच. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हा भाषादृष्ट्या एक प्रदेश असल्याचा सिद्धान्त मांडला. पुढे १९७६ साली कॉलिन मसिका यांनी आपल्या ग्रंथात या संयुक्त क्रियापदांनाही त्याच्या लक्षणांत जागा दिली. कुळे निराळी असली तरी शेजार हजारो वर्षांचा, आणि शेजाऱ्यांच्या सवयी एकमेकांना लागतातच. आमच्या दक्खनी बोलीने मराठीचा 'नको' उचलून त्याचा 'नक्को' केला, तो याच शेजारधर्माने.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कोश आमच्या गावात छापला गेला, पण गावातल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा होती मराठी. माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. सरस्वती भुवनसारख्या खासगी प्रयत्नांतून चाललेल्या शाळांनी मराठी मुलांना आधार दिला खरा, पण सरकार दरबारी मराठीला ओसरीपलीकडे प्रवेश नव्हता. मुंबई-पुण्याकडच्या मुलाची गोष्ट निराळी होती. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश तिकडे १८४७ सालीच निघाला होता. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोचली, आणि कित्येक पिढ्यांनी तिच्याच बोटाला धरून इंग्रजीचा उंबरा ओलांडला. तिकडच्या मुलाला एक पूल ओलांडावा लागे. आमच्या भाऊंना दोन. इंग्रजीतून उर्दूत, आणि तिथून मनातल्या मनात मराठीत. पहिल्या पुलावर कोश होता, मास्तर होते, परीक्षा होती. दुसऱ्या पुलावर कोणी नव्हते. तो पोराने एकट्याने, रात्री कंदिलाच्या उजेडात ओलांडावयाचा.

यात अन्याय होता, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. मूल ज्या भाषेत रुसते आणि हसते, त्या भाषेला शाळेच्या दारात जोडे काढून ठेवायला लावणे, मग ती शाळा कितीही चांगली असो, बरे नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. मराठी मुलाचे जोडे हळूहळू आत आले. ते व्हायलाच हवे होते.

पण भाऊंचा अनुभव एवढ्यावर संपत नव्हता. ते म्हणत, दुसरा पूल मला वाटला होता तेवढा लांब निघालाच नाही. 'छोड देना' समजले की 'सोडून देणे' समोर उभेच असे. कोशाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठी प्रतिशब्द लिहिलेले आहेत. कुठे 'पोटात घालणे', कुठे 'मनावर घेणे', कुठे 'पाठीशी घालणे', तर कुठे 'अंगाशी येणे'. इंग्रज अप-डाउन म्हणतो, तिथे मराठी माणूस पोट, पाठ, मन, अंग यांना विभक्ती लावून काम भागवितो, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. 'पुट अप विथ' जिथे आहे, तिथे त्यांनी लिहिले आहे : 'निभावून नेणे'. निभावणे हे उर्दूतल्या 'निभाना'चे सख्खे भावंड, 'नेणे' ही मराठीची भर, आणि अर्थ इंग्रजीचा. त्या एका नोंदीत मला आमचे सगळे शहर दिसते.

आज या विषयाचे केवढे शास्त्र झाले आहे! जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या हॉर्नबी यांचा, क्रियापदांचे साचे मांडणारा, विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. पुढे बर्मिंगहॅमच्या विद्वानांनी वर्तमानपत्रे, पुस्तके, बोलणी यांतली लक्षावधी वाक्ये संगणकात भरून, प्रत्यक्ष वापरात कोणते अव्यय कोणत्या क्रियापदाशी संसार करते ते तपासले, आणि १९८९ साली नुसत्या या जोडप्यांचा एक स्वतंत्र कोश काढला. नातीच्या हातातल्या फोनवर तर क्षणार्धात अर्थ मिळतो. पण मिळालेला अर्थ टिकत नाही, कारण तो यादीत राहतो, तिच्या जिभेवर येत नाही. मी तिला एवढेच सांगितले, "बाळ, यादी पाठ करू नकोस. प्रत्येक जोडपे तुझ्या आजीच्या बोलण्यात कोणत्या रूपाने येते ते शोध." तिने तासाभरात वीस शोधले. 'गिव्ह इन'ला तिने लिहिले, 'नमते घेणे'. ते तिच्या पुस्तकात नव्हते.

'लुक आफ्टर'पाशी मात्र ती अडली. मागे पाहणे? मी तिला बीबीच्या मकबऱ्याच्या बागेतली एक हकीकत सांगितली. ती बाग एके काळी अब्दुल हकांच्या देखरेखीखाली होती, आणि ते राहतही बागेच्या आवारातच. तिथे नामदेव नावाचा एक माळी होता, अस्पृश्य मानलेल्या जातीतला. त्याला मूलबाळ नव्हते. रोपांनाच तो लेकरे मानी. एकेक पान पुसी, कीड निघाली तर कासावीस होई. दुष्काळात इतरांची झाडे सुकली तेव्हा याने रात्रीबेरात्री लांबून पाणी वाहून आपली जगविली. अब्दुल हकांनी बक्षीस देऊ केले, तर त्याने ते घेतले नाही. आपली पोरे वाढविण्याबद्दल कोणी बक्षीस घेते का, असा त्याचा भाव होता. शेवटी एके दिवशी मधमाश्यांचे मोहोळ उठले. बाकीचे पळाले, हा कामात गढलेला. माश्यांच्या डंखांनीच त्याचा अंत झाला. एवढ्या मोठ्या पंडिताने या माळ्याचे शब्दचित्र लिहिले, आणि उर्दू शिकणारी असंख्य मुले ते आपल्या पाठ्यपुस्तकात वाचत आली आहेत.

नात थोडा वेळ गप्प होती. मग तिने वहीत 'लुक आफ्टर'समोर लिहिले : 'जिवापाड जपणे.'

कोश यंदा माळ्यावर गेला नाही. तो खालच्या फडताळात, हाताशी ठेवला आहे. समासात अजून पुष्कळ जागा मोकळी आहे.